गेलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट: हाड सांभाळून, घाई न करता

दात काढला की ठणका थांबतो, आणि ठणका थांबला की ती जागा विस्मरणात जाते. जबड्यात मात्र त्याच दिवसापासून बदल सुरू झालेले असतात. दाताच्या मुळाभोवतीचे हाड चावण्याच्या दाबावर जगत असते. मूळ गेले की तो दाब जातो आणि हाड झिजू लागते. पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात टेकू न राहिल्यामुळे हळूहळू लांबत येतो, आणि काही वर्षांनी इम्प्लांटचा विचार करावा तर खाली हाड पुरेसे नाही आणि वर जागाही पुरेशी नाही, अशी स्थिती होते. म्हणून दात काढावा लागणार हे कळले की त्याच भेटीत ‘या जागेचे पुढे काय करायचे?’ हे दंतवैद्यांना विचारावे. ज्यांचा दात जाऊन बरीच वर्षे झाली आहेत त्यांनी निराश होऊ नये. त्यांनाही मार्ग असतो, फक्त तो थोडा लांबचा असतो.

प्रत्येक गेलेला दात परत बसवावाच लागतो असेही नाही. अक्कलदाढ गेली तर तिच्या जागी काही बसवण्याची गरज नसते. शेवटची दाढ गेली, तिच्या समोरची दाढही आधीच गेलेली असली आणि उरलेल्या दातांनी नीट चावता येत असले, तर ती जागा तशीच ठेवावी असा सल्ला प्रामाणिक दंतवैद्य देतो.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय

पुष्कळ जण इम्प्लांट म्हणजे ‘पक्का बसवलेला दात’ असे समजतात. प्रत्यक्षात त्याचे तीन भाग असतात. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर व्यासाचा आणि ८ ते १३ मिलिमीटर लांबीचा. खरे इम्प्लांट तेच. त्यावर हिरडीतून बाहेर येणारा जोडभाग बसतो, त्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात. सर्वांत वर दाताच्या आकाराची कॅप असते, आणि आरशात दिसते ती फक्त हीच. टायटॅनियमऐवजी झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची इम्प्लांटही मिळतात, पण दीर्घकाळचा अनुभव टायटॅनियमचाच अधिक आहे.

टायटॅनियमच का, याची हकिकत जाणून घेण्यासारखी आहे. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी कुपी बसवून हाड कसे भरून येते याचा अभ्यास करत होते. काम संपल्यावर त्यांनी ती कुपी काढू पाहिली, तर ती निघेना. हाड तिच्या पृष्ठभागाला थेट चिकटून वाढले होते. टायटॅनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि शरीर त्याला परके मानून दूर लोटत नाही. याच गुणाच्या आधारावर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. हाड आणि धातू यांच्या या मिलाफाला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. पुढे या लेखात जे काही सांगितले आहे, ते सारे हा मिलाफ होऊ देणे आणि झालेला टिकवणे यासाठीच आहे.

एक फरक आधीच समजून घ्यावा. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. तिच्यामुळे दात चावताना मिलिमीटरच्या काही शतांशांइतका दबतो, आणि घासात बारीकसा खडा आला तरी चटकन जाणवतो. इम्प्लांटला ही गादी नसते. ते जवळजवळ हलत नाही, त्याला थंड-गरम कळत नाही, कीड लागत नाही आणि जास्त भार पडत असला तरी ते दुखून सांगत नाही. बिघाड झाला तरी बराच काळ वेदना होत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

इम्प्लांट, ब्रिज की कवळी

गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात निरोगी असतील, तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने मधली जागा भरणाऱ्या पक्क्या जोडदातांसाठी, ते चांगले दात घासून लहान करावे लागतात. माझ्या मते अशा वेळी इम्प्लांटचा विचार आधी करावा, कारण एकदा घासलेले दंतकवच पुन्हा येत नाही. उलट दोन्ही शेजारच्या दातांची रूट कॅनाल झालेली असेल आणि त्यांना नाही तरी कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा कमी वेळात होणारा आणि शस्त्रक्रियेशिवायचा चांगला पर्याय आहे. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत सोपी, पण ती हिरडीवर टेकते आणि तिच्याखालचे हाड झिजणे थांबत नाही.

खालच्या जबड्यात एकही दात उरलेला नसेल तर मात्र इम्प्लांटचे मोल फार मोठे आहे. खालची कवळी जिभेच्या आणि गालांच्या हालचालीने सतत उचलली जाते. तिच्याखाली पुढच्या भागात केवळ दोन इम्प्लांट बसवून त्यांवर ती बटणासारखी अडकवली, तरी बोलताना ती निसटेल ही भीती जाते. काढावी न लागणारी दातांची संपूर्ण पंगत हवी असेल, तर एका जबड्यात साधारणतः चार ते सहा इम्प्लांट लागतात. प्रत्येक दातामागे एक स्क्रू लागत नाही, हे येथे लक्षात ठेवावे.

आधी प्रकृतीची चौकशी

दंतवैद्यांकडे जाताना आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी लिहून न्यावी, आणि तीत रोजच्या गोळ्यांबरोबर अधूनमधून घेतलेली इंजेक्शनेही लिहावीत. हाडे ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे किंवा सहा महिन्यांतून एकदा डेनोसुमॅबचे इंजेक्शन घेणारी व्यक्ती ‘मला कसलेही औषध चालू नाही’ असे सहज सांगून जाते, कारण ते तिच्या रोजच्या डब्यात नसते. या औषधांमुळे हाडाची नित्याची झीज-भर मंदावते आणि जबड्यावरील शस्त्रक्रियेनंतर जखम न भरता हाडाचा तो भाग मृत होण्याचा धोका असतो. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत घेतलेली असतील, किंवा जबड्यावर किरणोपचार झालेले असतील, तर धोका आणखी वाढतो. त्यामुळे इम्प्लांट नेहमीच वर्ज्य ठरते असे नाही, पण तो निर्णय संबंधित डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा असतो.

मधुमेह असला तरी इम्प्लांट करता येते. अट एवढीच की साखर आटोक्यात हवी. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ७ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर सहसा अडचण येत नाही. ८ च्या वर गेली असेल तर आधी साखर खाली आणावी आणि मग शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. ती बंद केल्याने मेंदू किंवा हृदयाला होऊ शकणारी इजा ही हिरडीतून थोडे जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. गर्भारपणात हे काम पुढे ढकलावे. त्याला घाई नसते.

धूम्रपानाविषयी आडपडदा न ठेवता लिहायला हवे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळते, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नव्या हाडाला लागणारे रक्त पोहोचत नाही. शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधी ते थांबवावे आणि नंतर निदान दोन महिने हातही लावू नये. कायमचे सुटले तर उत्तमच. हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी बरा करून घ्यावा, कारण ज्या जंतूंनी दात सैल केला तेच जंतू इम्प्लांटभोवतीही घर करतात. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही सांगावे. नंतर रात्री घालायचा गार्ड लागेल.

वयाला वरची मर्यादा नाही. ऐंशीच्या घरातल्या व्यक्तीचीही इम्प्लांट छान जमतात. खालची मर्यादा मात्र आहे. वाढत्या वयात जबडा आणि दात एकत्र सरकत वाढतात, पण हाडाला घट्ट धरलेले इम्प्लांट जागचे हलत नाही आणि काही वर्षांनी शेजारच्या दातांपेक्षा आखूड, खोल गेलेले दिसते. म्हणून जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण विशीपर्यंत, तात्पुरत्या दातावर भागवावे.

तपासणी आणि विचारायचे प्रश्न

साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी जबड्याचा सीबीसीटी स्कॅन करतात, ज्यात हाड तिन्ही बाजूंनी मोजता येते. खालच्या जबड्यात ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस हाडातून जाते. इम्प्लांटचे टोक तिच्यापासून किमान २ मिलिमीटर दूर राहावे लागते. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. शेजारच्या दातापासून सुमारे १.५ मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटमध्ये सुमारे ३ मिलिमीटर हाड मोकळे असावे लागते. आपला स्कॅन पडद्यावर दाखवा आणि नस कुठे आहे, हाड कुठे पातळ आहे हे समजावून सांगा, अशी विनंती नि:संकोचपणे करावी.

त्याच भेटीत आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. हाड भरावे लागेल का, आणि लागणार असेल तर एकूण किती महिने जातील? मधल्या काळात समोरची जागा रिकामी दिसू नये म्हणून तात्पुरता दात कोणता मिळेल? इम्प्लांट कोणत्या कंपनीचे आहे, आणि दहा वर्षांनी त्याचा एखादा स्क्रू लागला तर तो मिळेल का? शस्त्रक्रिया एक डॉक्टर करणार आणि कॅप दुसरे बसवणार असतील, तर पुढे अडचण आल्यास जबाबदारी कोणाची? इम्प्लांट जमले नाही तर पुढची योजना काय? या शेवटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणाऱ्या डॉक्टरांवर मी अधिक विश्वास ठेवीन. दहा वर्षांनंतर शंभरातील नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात, हे खरे आहे. पण उरलेली काही निकामी होतात, हेही खरे आहे.

हाड कमी असेल तर रुग्णाच्याच जबड्यातून घेतलेले, प्रक्रिया केलेले किंवा कृत्रिम हाडाचे कण तेथे भरतात आणि त्यावर पातळ पडदा ठेवतात. वरच्या जबड्यात सायनसचे अस्तर अलगद वर उचलून त्याखाली हाड भरावे लागते. असे भरलेले हाड पक्के व्हायला सहसा चार ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक लागतात.

शस्त्रक्रियेचा दिवस

एका दाताचे काम बहुतेक वेळा दात काढताना देतात तशाच स्थानिक भुलेखाली, तासाभराच्या आत होते. हाड कापले जाताना वेदना होत नाही. कंपन आणि दाब जाणवतो आणि आवाज कवटीत घुमतो, त्याने घाबरू नये. हाडात टप्प्याटप्प्याने मोठे होत जाणारे छिद्र पाडतात आणि त्यावर सतत सलाइनचे पाणी सोडतात. त्या पाण्यामागे महत्त्वाचे कारण आहे: हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर गेले तरी तेथील पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात इम्प्लांट रुजत नाही. म्हणून सावकाश, मध्ये थांबून काम करणारा हात हा चांगला हात समजावा.

घरी गेल्यावर तोंडात दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट धरून ठेवावा. पहिला दिवसभर जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. या सर्वांनी जखमेवरची रक्ताची गुठळी निघते. गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटे बर्फाने शेकावे, तेवढाच वेळ थांबावे, पुन्हा शेकावे. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग ओसरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाल अधिक फुगला म्हणून काळजी करू नये. टाके सात ते दहा दिवसांत काढतात. मात्र भूल उतरण्याची वेळ उलटून गेल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, कारण नसेवर दाब येत असेल तर तो लवकर काढण्यातच उपाय असतो. तीन दिवसांनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पू आला किंवा ताप आला, तरीही लगेच जावे.

वाट पाहण्याचे आठवडे

या संपूर्ण उपचारातील सर्वांत नाजूक काळ हा आहे, आणि याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. बसवल्याच्या दिवशी इम्प्लांट घट्ट असते, ते लाकडात स्क्रू घट्ट बसावा तसे, केवळ आट्यांच्या पकडीने. त्यानंतर शरीर आट्यांभोवतीचे दुखावलेले हाड हळूहळू काढून टाकू लागते आणि त्या जागी नवे हाड घालू लागते. जुनी पकड सैल होत असते आणि नवी अजून तयार झालेली नसते, असा एक काळ मध्ये येतो. तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात असतो. नेमके याच सुमारास टाके निघालेले असतात, सूज उतरलेली असते, दुखणे पूर्ण थांबलेले असते, आणि माणूस त्या बाजूने कडक पदार्थ चावून पाहतो. या दिवसांत इम्प्लांट मिलिमीटरच्या सातव्या भागाइतके जरी वारंवार हलत राहिले, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात, आणि मग ते कधीच घट्ट होत नाही, काढावेच लागते. म्हणून दुखत नाही हा बरे झाल्याचा पुरावा मानू नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्या बाजूने चावू नये, जिभेने किंवा बोटाने तेथे चाचपू नये, आणि तात्पुरती कवळी तिथे टोचत असेल तर ती घासून घ्यायला जावे.

खालच्या जबड्याचे हाड दाट असल्याने तेथे सुमारे दोन ते चार महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने थांबतात. ‘त्याच दिवशी दात’ मिळणे अशक्य नाही. हाड दाट असेल, इम्प्लांट बसवताना पुरेशी घट्ट पकड मिळाली असेल आणि वरचा तात्पुरता दात समोरच्या जबड्यातल्या दाताला टेकणार नाही असा ठेवला असेल, तर ते योग्यच आहे, विशेषतः दर्शनी दातांत. परंतु हा निर्णय स्क्रू बसताना मोजलेल्या पकडीवर घ्यायचा असतो. तो आधीच ठरवून, तारखेच्या सोयीने घ्यायचा नसतो.

कॅप बसवताना

कॅप अ‍ॅबटमेंटवर सिमेंटने चिकटवतात किंवा स्क्रूने आवळतात. शक्य असेल तेथे स्क्रूची पद्धत मागावी. स्क्रूची कॅप पुढे कधीही न तोडता काढता येते, आणि दुसरे म्हणजे हिरडीखाली सांडून राहिलेला सिमेंटचा एखादा कण पुढे वर्षानुवर्षे सूज धरून हाड खात राहतो, तो धोका राहत नाही. कॅप बसल्यावर रंगीत कागद चावायला देतात. तेव्हा आधी हलके चावून पाहावे आणि इम्प्लांटचा दात इतरांच्या आधी टेकतो आहे असे जराही वाटले, तर ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसू नये. गादी नसलेल्या दातावर तो जास्तीचा भार रोज, प्रत्येक घासाला पडणार असतो.

खुर्चीवरून उठण्याआधी आणखी एक गोष्ट करून पाहावी. दातांमधल्या फटीत जाणारा बारीक ब्रश आरसा धरून स्वतःच्या हाताने कॅपच्या दोन्ही बाजूंनी घालून पाहावा. तो जात नसेल तर ती कॅप कितीही सुंदर दिसत असली तरी अपुरी आहे, कारण जे साफ करता येत नाही ते टिकत नाही. त्याच दिवशी एक एक्स-रे काढून ठेवायला सांगावे. पुढे हाड किती उतरले हे त्याच्याशीच ताडून पाहायचे असते.

रोजची निगा

दोन वेळा मऊ ब्रशने घासणे आणि रात्री एकदा फटीतला ब्रश किंवा इम्प्लांटसाठी मिळणारा जाड, फुगीर फ्लॉस हिरडीलगत फिरवणे, एवढे पुरते. पण ते रोज व्हायला हवे. ब्रशच्या तारेवर प्लास्टिकचे आवरण आहे ना, हे घेताना पाहावे, म्हणजे धातूवर ओरखडे येत नाहीत. घासताना त्या जागी रक्त आले तर घासणे सोडू नये आणि दुर्लक्षही करू नये. ती हिरडीची सूज असते आणि या टप्प्यावर स्वच्छतेने ती पूर्ण बरी होते. ती तशीच राहिली तर हाडापर्यंत पोहोचते; त्या आजाराला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि एकदा गेलेले हाड परत मिळवणे फार कठीण असते. दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, आणि हिरड्यांचा आजार पूर्वी झालेला असेल तर तीन-चार महिन्यांनी.

कधी कॅप किंचित हलू लागते. बहुधा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो मोजक्या ताकदीने आवळला की काम भागते; पण ती तशीच वापरत राहिल्यास स्क्रू आतच तुटतो. म्हणून हलते आहे हे कळले त्याच दिवसापासून त्या बाजूने चावणे थांबवावे आणि दोन-तीन दिवसांत दाखवावे.

इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक छापलेले चिकटपत्र असते. ते मागून घ्यावे, स्कॅन आणि एक्स-रे यांसोबत एका पाकिटात ठेवावे आणि त्याचा फोटो काढून घरातल्या आणखी एका व्यक्तीकडे द्यावा. पंधरा वर्षांनी वेगळ्या गावात, वेगळ्या दंतवैद्यांसमोर बसल्यावर तो स्क्रू उघडायला नेमका कोणता पाना लागतो, हे त्यांना त्या कागदावरूनच कळेल.